चाळीस रुपयांचं पाणी

मार्च १९२७ मध्ये महाडला एक परिषद भरली होती. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद असं तिचं नाव. त्या परिषदेच्या खर्चात एक बाब अशी आहे, की ती वाचून माझ्यासारखा आयुष्यभर आकडेमोड केलेला माणूसही थबकतो. परिषदेला आलेल्या मंडळींसाठी ४० रुपयांचं पिण्याचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. त्या काळचे ४० रुपये! ज्या गावोगावच्या लोकांनी परिषदेसाठी वर्गणी दिली, त्यांच्यात एका गावाचा वाटा साधारण तीन रुपये होता. म्हणजे तेरा गावांची वर्गणी नुसत्या पाण्यात गेली.

आणि हे कुठे, तर महाडात. एका बाजूला सावित्री, दुसऱ्या बाजूला गांधारी, गावात तळी, घरोघरी विहिरी. पावसाळ्यात तर दर काही वर्षांनी बाजारपेठेत पुराचं पाणी शिरणार हे ठरलेलं. अशा गावात हजारो माणसांना पाणी मिळत नव्हतं, कारण ती माणसं अस्पृश्य मानली गेली होती.

त्या परिषदेची कल्पना ज्याच्या डोक्यात आधी आली आणि जिच्यासाठी तो वर्षानुवर्षं गावोगाव हिंडला, तो तरुण तेव्हा अवघा चोवीस वर्षांचा होता. त्याचं नाव रामचंद्र बाबाजी मोरे. पुढे मुंबईच्या कामगारवस्त्यांत कॉम्रेड आर. बी. मोरे म्हणून ओळखले गेलेले ते हेच. चवदार तळ्याचा सत्याग्रह म्हटला की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव ओठांवर येतं आणि ते योग्यच आहे. पण बाबासाहेबांना महाडला कुणी बोलावलं आणि महाडलाच का बोलावलं, हे विचारायचं आपण बहुधा विसरतो. मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर महाडच्या बंदरात सापडतं.

मी मूळचा पोलादपूरचा. बँकेच्या नोकरीत महाडच्या शाखेत काही वर्षं काढली. पेठेतल्या जुन्या व्यापारी घराण्यांतली वयस्कर मंडळी कामासाठी येत आणि काम झालं तरी खुर्ची सोडत नसत. गलबतांच्या गोष्टी निघत. कुणाच्या पणजोबांची वखार होती, कुणाचा मुंबईच्या मस्जिद बंदराशी व्यवहार होता. बाहेर एसटीचा भोंगा वाजत असे आणि आत ही मंडळी भरती-ओहोटीच्या वेळा सांगत बसत. मोऱ्यांचं अपुरं राहिलेलं आत्मचरित्र पुढे माझ्या हाती पडलं, तेव्हा त्याच पेठेची दुसरी बाजू मला दिसली. जमाखर्चाच्या वहीत डाव्या पानावर जमा असते आणि उजव्या पानावर खर्च. मी तोवर डावंच पान वाचलं होतं म्हणायला हरकत नाही.

महाड बंदर म्हणून का वाढलं, हे नकाशा पाहिला की लगेच कळतं. सावित्री महाबळेश्वराला उगम पावते, डोंगर उतरून पोलादपूरवरून खाली येते, महाडपाशी तिला गांधारी मिळते, आणि मग ती संथ होऊन बाणकोट-हरिहरेश्वराकडे समुद्राला जाऊन भिडते. समुद्राची भरती या खाडीतून थेट महाडच्या आसपास येऊन पोचते. जिथे भरती संपते, तिथेच घाट सुरू होतात. वरंध्याच्या घाटानं भोर आणि पुणं, पोलादपूरहून पार घाटानं जावळी, महाबळेश्वर आणि पुढे सातारा. बैलाच्या पाठीवरचा माल जिथे गलबतात चढतो आणि गलबतातला माल जिथे बैलाच्या पाठीवर चढतो, तिथे पेठ वसणारच. थेम्सवरचं लंडन आणि हुगळीवरचं कोलकाता याच न्यायानं वाढलं. समुद्रापासून आत, पण भरतीच्या टप्प्यात.

महाडच्या वेशीजवळ गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. भिक्षूंची वस्ती व्यापारी वाटेच्या कडेनं होत असे, तेव्हा ही वाट किती जुनी याची कल्पना त्या डोंगरावरून येते. १६७४ मध्ये शिवाजीमहाराजांना राज्याभिषेक झाला तो रायगड इथून जवळच. राजधानीला लागणारा माल याच खाडीनं यायचा. १७९६ मध्ये नाना फडणवीस पुण्याचं वातावरण तापल्यावर महाडला येऊन राहिले आणि दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवण्याचा करार इथेच झाला. पुढे १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणं घेतलं तेव्हा तोच बाजीराव पळाला तोही महाडलाच, आणि इथून सुवर्णदुर्गमार्गे वसईला जाऊन त्यानं इंग्रजांशी तह केला. खाडीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला इंग्रजांकडे अठराव्या शतकाच्या मध्यापासूनच होता. त्यांची सत्ता आल्यावर मुंबईचे साहेबलोक उन्हाळ्यात महाबळेश्वरला निघत, तेव्हा बाणकोटपर्यंत जहाज, तिथून खाडीतून होडी आणि पुढे पोलादपूरवरून पालखी असा एक प्रवास होता. आमच्या पोलादपूरच्या माणसांनी त्या पालख्या वाहिल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला महाडची पेठ चांगली भरली होती. इथून तांदूळ, कांदा, लसूण, बटाटा, हिरडा, मध बाहेर जाई. मुंबईकडून कापड, साखर, रॉकेल, सुकी मासळी येई. मोठी गलबतं खाडीत थोडी अलीकडे थांबत आणि प्रवासी बोटींचा मुख्य धक्का होता दासगावला, महाडपासून पाचेक मैलांवर. तालुक्याची कचेरी, कोर्ट, नगरपालिका, इंग्रजी शाळा हे सगळं पेठेच्या जोरावर महाडला आलं.

आता या पेठेचं उजवं पान पाहू. आसपासच्या शंभर खेड्यांतून माणसं रोज महाडला येत. डोक्यावर लाकडाची मोळी नाहीतर गवताचा भारा. कुणी कोर्टाच्या तारखेला, कुणी कचेरीत पेन्शन घ्यायला. त्यांतल्या महार, चांभार मंडळींची मोळी पेठेला चालत होती, त्यांचा पैसा दुकानदाराला चालत होता. पण दहा मैल उन्हातून चालत आलेल्या त्या माणसाला घोटभर पाणी कुणी देत नसे. चवदार तळ्यावर गुरं पाणी पीत, परधर्मीयांना तिथे मज्जाव नव्हता. यांनाच होता. बाजार आटोपून, तहान दाबून परत गावाची वाट धरायची, हा शिरस्ता.

या मुलखात रामचंद्र मोरे १ मार्च १९०३ रोजी जन्मले. जन्मगाव महाडजवळचं लाडवली. दासगावशी त्यांचा संबंध लहानपणापासूनचा. दासगाव हे नुसतं बोटीचं ठिकाण नव्हतं. कंपनी सरकारच्या आणि नंतरच्या इंग्रजी फौजेतून निवृत्त झालेल्या महार शिपायांची, सुभेदार-जमादारांची वस्ती या पट्ट्यात होती. फौजेत यांना अक्षरओळख झालेली, परमुलूख पाहिलेला, शिस्त अंगात भिनलेली. याच भागातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर असेच एक फौजी पेन्शनर. त्यांनी एकोणिसाव्या शतकातच अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवली होती. फौजेनं महारांची भरती बंद केली तेव्हा या वस्त्यांचा आधार तुटला, पण वाचनाची आणि अर्ज लिहिण्याची सवय राहिली. बोटीनं मुंबईहून येणारा माणूस पहिलं पाऊल दासगावात टाकी, आणि त्याच्यासोबत मुंबईची वर्तमानपत्रं आणि बातम्याही येत. छोट्या रामचंद्राला हे सगळं अंगणातच मिळालं.

मुलगा हुशार. प्राथमिक शाळेत त्यानं शिष्यवृत्ती मिळवली आणि महाडच्या इंग्रजी शाळेत नाव घालायला गेला. तिथे त्याला प्रवेश नाकारला गेला. वय अकरा-बारा वर्षांचं. दुसरं एखादं पोर रडून घरी गेलं असतं आणि गुरं राखायला लागलं असतं. या पोरानं एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि झालेली हकीकत कळवली. पत्र छापून आलं, चर्चा झाली, सरकारी अनुदानाचा प्रश्न उभा राहिला आणि शाळेला दार उघडावं लागलं. अर्थात इतरांच्या मांडीला मांडी लावून बसण्याची परवानगी नव्हतीच, वेगळं बसावं लागे. तरी दार उघडलं. लेखी तक्रारीचं बळ काय असतं हे त्या वयात ज्याला कळलं, त्याचा पुढला रस्ता ठरल्यासारखाच होता.

बाजाराला येणाऱ्या माणसांची तहान त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. तिच्यावर जो पहिला उपाय निघाला तो फार साधा होता. महाडात अस्पृश्यांसाठी चहाचं एक छोटं दुकान सुरू झालं. मोऱ्यांचा त्यात पुढाकार होता. चहा हे निमित्त, खरी सोय पाण्याची. गावात पहिल्यांदाच या माणसांना बसायला हक्काची जागा आणि प्यायला पाणी मिळालं. मग तिथे थांबणं आलं, गप्पा आल्या. कोर्टकचेरीचे कागद घेऊन आलेले लोक ते वाचून घ्यायला मोऱ्यांकडे येऊ लागले. मोरे अर्ज लिहून देत, पत्रं वाचून दाखवत. वेगवेगळ्या खेड्यांतली, एरवी एकमेकांना न भेटणारी माणसं एका बाकड्यावर बसू लागली. व्यापारी पेठेत माणसं व्यवहारासाठी एकत्र येतात आणि एकत्र आली की व्यवहारापलीकडचंही बोलतात. पेठेनं ज्यांना बाहेर ठेवलं होतं, त्यांनी पेठेतच आपली चावडी उभी केली.

दरम्यान मुंबईत ४ ऑगस्ट १९२३ रोजी कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चानं बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा ही ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळं खुलं असल्याचं जाहीर केलं. नगराध्यक्ष होते सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस. कायस्थ समाजातले सुरबानाना आणि त्यांचे सहकारी अनंतराव चित्रे हे दोघे या लढ्यात शेवटपर्यंत उभे राहिले. मात्र ठराव कागदावर झाला तरी तळ्याकडे जायला कुणी धजेना.

याच वर्षी मोरे मुंबईला बाबासाहेबांकडे गेले. बाबासाहेब नुकतेच विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले होते. मोऱ्यांनी त्यांना महाडच्या परिषदेचं निमंत्रण दिलं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे सावित्रीपलीकडच्या मंडणगड तालुक्यातलं, म्हणजे हा मुलूख त्यांना परका नव्हता. पण त्यांनी घाई केली नाही. परिषद व्हायला तीन वर्षं गेली. ती तीन वर्षं मोरे आणि त्यांचे सोबती गावोगाव फिरत राहिले. वर्गणी पैशांत आली, तांदळात आली.

१९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली. हजारो लोक आले. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या मागोमाग शिस्तीत रांगेनं सगळे चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. परतताना, जमाव वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा गावात उठली आणि जेवणाच्या तयारीत असलेल्या, एकेकट्या सापडलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. नंतर १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं शुद्ध करून घेण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा पेठ पूर्ण विरोधात गेली होती. गावातल्या दुकानांतून शिधा मिळणार नाही हे गृहीत धरून धान्याची जमवाजमव बाहेरून करावी लागली. सभेसाठी जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. मोटारनं येण्यात धोका होता, म्हणून बाबासाहेब आणि मुंबईची मंडळी २४ डिसेंबरला पद्मावती बोटीनं निघाली आणि २५ तारखेला दुपारी दासगावच्या धक्क्यावर उतरली. तिथून पाच मैल मंडळी पायी महाडला आली. ज्या खाडीतून पिढ्यान् पिढ्या तांदूळ आणि कापड ये-जा करत आलं, तिच्यातून त्या दिवशी हा ऐवज उतरला. त्याच रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. सनातन्यांनी कोर्टातून तळ्याबद्दल तात्पुरता मनाईहुकूम आणला होता, त्यामुळे पुन्हा तळ्यावर न जाण्याचा निर्णय बाबासाहेबांनी घेतला. पुढे तो दावा दहा वर्षं चालला. महाडच्या कोर्टापासून ठाण्यामार्गे मुंबई हायकोर्टापर्यंत तो गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. तळं खाजगी मालकीचं असल्याचा आणि अस्पृश्यांना वगळण्याची प्राचीन रूढी असल्याचा दावा टिकला नाही.

मोरे तोपर्यंत मुंबईकर झाले होते. कोकणातला मजूर ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं ते गेले. पडेल ते काम केलं. मुंबई हे तरी काय, महाडसारखंच पण हजारपट मोठं बंदर. गिरण्यांत आणि गोदीत सगळ्या जातींचा माणूस घाम गाळत होता. मात्र गिरणीच्या विणाई खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागतो, त्यानं विटाळ होतो, हे कारण. जात आणि पोट यांची गाठ मोऱ्यांनी इथे जवळून पाहिली आणि १९३० च्या सुमाराला ते कम्युनिस्ट पक्षात गेले. पण बाबासाहेबांशी असलेला स्नेह त्यांनी तोडला नाही.

ही गोष्ट बोलायला सोपी वाटते. प्रत्यक्षात दोन्ही घरचे पाहुणे होऊन राहणं काय असतं, ते त्यांनी चाळीस वर्षं सोसलं. एका बाजूचे म्हणत, हा जातीला सोडून लाल झेंड्याकडे गेला. दुसऱ्या बाजूच्यांना वाटे, हा वर्गाच्या लढाईत जातीचा विषय मध्ये आणतो. मोरे दोन्हीकडे तेच सांगत राहिले, की कामगाराची एकजूट हवी असेल तर त्याच्यातली शिवाशीव आधी संपवावी लागेल. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट या दोघांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. मोऱ्यांना आयुष्यभर जे हवं होतं, ते त्या एका दिवसापुरतं तरी रस्त्यावर दिसलं. अण्णाभाऊ साठे ज्या माटुंगा लेबर कॅम्पात घडले, तिथल्या कार्यकर्त्यांतही मोऱ्यांचा वावर होता. पक्ष फुटल्यावर ते मार्क्सवादी पक्षात राहिले आणि १९६५ मध्ये त्यांनी जीवनमार्ग हे साप्ताहिक सुरू केलं. वर्तमानपत्राला पत्र लिहिणाऱ्या मुलानं उतारवयात स्वतःच वर्तमानपत्र काढलं. ११ मे १९७२ रोजी ते गेले. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली.

इकडे महाडचं बंदर त्यांच्या डोळ्यांदेखत मावळलं. सत्याग्रहाच्या दुसऱ्याच वर्षी, १९२८ मध्ये, सावित्रीवर दगडी पूल झाला. मोटारींची रहदारी वाढली, घाटरस्त्यांवरून माल ट्रकनं जाऊ लागला, खाडीत गाळ साचत गेला. गलबतं कमी होत होत दिसेनाशी झाली. पेठ राहिली, तिच्या पाठीशी आता औद्योगिक वसाहत आली. तिच्यातल्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालूच आहेत. पाण्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न सावित्रीकाठी वेगळ्या रूपानं शिल्लक आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो जुना पूल पुरात कोसळला, दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं वाहून गेली. पुढल्या वर्षी जूनमध्ये नवा पूल सुरू झाला. जुलै २०२१ च्या महापुरानं पेठ पुन्हा धुऊन नेली आणि पेठेनं पुन्हा गाळ उपसून दुकानं मांडली.

मोऱ्यांचं आत्मचरित्र महाडच्या दिवसांपलीकडे फारसं गेलंच नाही. ते अपुरं पुस्तक त्यांच्या चिरंजीवांनी वडिलांचं उरलेलं चरित्र लिहून २००३ मध्ये वाचकांपुढे आणलं. आता ते इंग्रजीतही उपलब्ध आहे. इतिहासाचे अभ्यासक ते आवडीनं वाचतात. आपल्या घरात ते पोचायला हवं, कारण बंदर आणि बाजारपेठा यांचे इतिहास बहुधा वखारवाल्यांच्या नजरेनं लिहिलेले असतात. डोक्यावर मोळी घेऊन पेठेत शिरणाऱ्या माणसाच्या नजरेनं एखादी पेठ कशी दिसते, ते सांगणारी पुस्तकं मराठीत थोडी आहेत.

गणपतीला किंवा मे महिन्यात कोकणात जाताना महाड येण्याआधी दासगाव लागतं. तिथे गाडी जरा बाजूला घ्यावी आणि मुलांना खाडी दाखवावी. गलबतं नाहीत, बोटी नाहीत. पण इथून पाच मैल चालत महाड आहे, आणि पद्मावतीतून उतरलेली माणसं ते पाच मैल का चालली, एवढं त्यांना सांगितलं तरी पुष्कळ झालं.